लिलावात राहिलेला कोपरा



वसंत व्याख्यानमालेत कबड्डीवर बोलायचे ठरले तेव्हा हा विषय या व्यासपीठाला शोभेल काय, अशी शंका एकदोघांनी आमच्यापाशी काढली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा घातली, १९२२ पासून नाशिकला गोदेच्या काठी ती चालू आहे. आणि दोन्हीकडे हेतू एकच, की ज्या प्रश्नाने लोकांच्या डोक्याला घोर लागतो तो चारचौघांत मोकळेपणाने बोलला जावा. आता आपल्या या इगतपुरी तालुक्यात अशी घरे थोडी नाहीत, की ज्यांतला बारावी झालेला मुलगा संध्याकाळी मैदानावर असतो, आणि रात्री त्याचे आईबाप विचार करीत बसतात की याला अजून दोन वर्षे खेळू द्यावे, की गोंद्याच्या एखाद्या कारखान्यात चिकटवून द्यावे. हा घोर खराच आहे. तेव्हा विषय शोभण्या-न शोभण्याचा वाद आम्ही बाजूला ठेवतो.

प्रश्न थोडा नेमका करून घेऊ. मुलगा कबड्डी खेळतो, चांगली खेळतो, जिल्ह्याकडून खेळला आहे. तो चढाई करणारा नाही, कोपऱ्यात उभा राहून पकड करणारा आहे. प्रो कबड्डीच्या लिलावासाठी त्याचे नाव गेले, परंतु कोणीच बोली लावली नाही. किंवा नाव तिथवर पोचलेच नाही. अशा गड्याला एखाद्या व्यावसायिक संघात जागा मिळण्याचा संभव किती? संभव नसेल तर तसे सांगावे, असेल तर कोणत्या वाटेने आहे ते सांगावे. उगाच आशा लावणे आणि उगाच पाय ओढणे ही दोन्ही कामे करणारी माणसे गावात आधीच पुष्कळ आहेत.

सभेत वडीलधाऱ्या स्त्रियाही बसल्या आहेत, म्हणून कोपरा म्हणजे काय ते आधी सांगतो. जाणत्यांनी दोन मिनिटे सोसून घ्यावे. पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. मधल्या रेषेने त्याचे दोन भाग होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली येते. मधल्या रेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि तिच्यामागे अंतिम रेषेपर्यंत उरतो पावणेदोन मीटरांचा पट्टा. सात गडी हात धरून उभे राहतात, त्यांतले दोन टोकांचे गडी ते कोपरे, डावा आणि उजवा. चढाई करणारा बोनस रेषेवर पाय टाकतो तेव्हा तो पाय ज्याच्या आवाक्यात येतो तो हा गडी. पायाचा घोटा धरणे ही त्याची खास विद्या. (घोटीच्या मुलांना घोटा धरता यावा हे नावालाच धरून आहे, पण ते असो.) एवढ्या अरुंद पट्ट्यात त्याने झेप घ्यायची, घोटा धरायचा, आणि शेजारच्या गड्यांनी येऊन धडक देईपर्यंत तो सोडायचा नाही. झेप अर्ध्या क्षणाने आधी घेतली तर चढाईवाला त्याच्या पाठीला हात लावून निघून जातो. अर्ध्या क्षणाने उशिरा घेतली तर पाय गेलेला असतो. आणि तोल जाऊन अंगाचा कुठलाही भाग रेषेबाहेर टेकला तर कोणी न शिवताच गडी बाद.

आता बाजार पाहू. बाजार हा शब्द आम्ही निंदेने वापरीत नाही. आपली घोटी बाजाराचेच गाव आहे. भाताचा भाव आणि बैलाची किंमत कशी ठरते हे इथल्या माणसाला शिकवावे लागत नाही. प्रो कबड्डी २०१४ साली आठ संघांनी सुरू झाली. त्या पहिल्या लिलावातला सर्वांत महागडा खेळाडू राकेश कुमार. त्याला पाटण्याने १२ लाख ८० हजार रुपयांना घेतले. २०१७ साली संघ बारा झाले. २०१८ च्या लिलावात इराणच्या फजल अत्राचलीला यू मुंबाने एक कोटी रुपये दिले. २०२३ च्या लिलावात इराणच्याच मोहम्मदरेझा शादलूईला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतले, आणि २०२५ साली गुजरातने त्यालाच २ कोटी २३ लाख मोजले. हे दोघेही डावे कोपरे आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अर्थात चांगल्या कोपऱ्याला बाजारात किंमत नाही असे कोणी म्हणू शकत नाही. उलट कोपऱ्याची जागा भक्कम असल्याशिवाय विजेतेपद मिळत नाही, हे संघमालकांना कळून चुकले आहे.

मग आपल्या मुलासाठी जागा किती? २०२४ च्या लिलावाच्या नियमांप्रमाणे एका संघात किमान अठरा आणि जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. म्हणजे बारा संघांत मिळून फार तर तीनशे. यांतले मैदानावर एका वेळी सात आणि राखीव पाच. सातांतले कोपरे दोन. म्हणजे साऱ्या देशात, साऱ्या व्यावसायिक संघांत मिळून, पहिल्या सातांतल्या कोपऱ्याच्या जागा चोवीस. एकेका संघाने चार कोपरे बाळगले असे धरले तरी आकडा अठ्ठेचाळिसांवर थांबतो. यांतून परदेशी खेळाडू वजा करा, कारण ते प्रत्येक संघात असावेच लागतात आणि इराणच्या पकडपटूंना मोठी मागणी आहे. ज्यांना संघ आपल्याकडेच राखून ठेवतात ते वजा करा. एका संघातून सुटून दुसऱ्यात जाणारे जुने, नावाजलेले गडी वजा करा. अगदी नव्या, बिननावाच्या कोपऱ्यासाठी वर्षाला दहा-पंधरांहून अधिक जागा रिकाम्या होत नसाव्यात असा आमचा हिशेब आहे. आपल्या एका राज्यातच छत्तीस जिल्हे आहेत, आणि प्रत्येक जिल्ह्यात दोन बरे कोपरे धरले तरी बहात्तर होतात. हरयाणा अजून मोजायचाच आहे, जिथल्या गावागावांतून असे गडी निघतात. तेव्हा संभव किती, याचे अंकगणितातले उत्तर हे असे आहे. ते कडू आहे, परंतु आईबापांना ते माहीत असावे.

पण अंकगणितावर थांबायचे असते तर आम्ही इथवर आलोच नसतो.

अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा एक फुटबॉल खेळतात. त्यात चेंडू पायापेक्षा हातातच जास्त असतो, आणि अंगाला अंग भिडवून गड्याला खाली आणणे हे त्याचे कबड्डीशी नाते. त्या खेळातही एका बचावपटूच्या नावात कोपराच आहे. त्याला कॉर्नरबॅक म्हणतात. त्याचे काम मैदानाच्या कडेला उभे राहून, पळत येणाऱ्या प्रतिपक्षाच्या गड्याला झेल मिळू न देणे. तिथे लिलाव नाही. दरवर्षी बत्तीस संघ आळीपाळीने महाविद्यालयांतली मुले निवडून घेतात. सात फेऱ्या होतात आणि अडीचशेच्या आसपास मुले निवडली जातात. बाकीची राहतात. पण राहिलेल्यांची गोष्ट तिथे संपत नाही. निवड संपल्याबरोबर संघांचे लोक राहिलेल्या मुलांना फोन करू लागतात, कारण उन्हाळी शिबिरात एकेका संघाला नव्वद गडी ठेवता येतात. त्यांतून पुढे त्रेपन्न राखायचे, आणि आणखी काहींना सरावाच्या गटात ठेवायचे. म्हणजे न निवडलेल्या मुलालाही काही आठवडे प्रशिक्षकाच्या डोळ्यांसमोर खेळायला मिळते. त्यांतले बहुतेक घरी परततात, हे खरे.

न परतलेल्यांपैकी दोघांची नावे सांगतो. डिक लेन नावाचा एक तरुण सैन्यातून सुटून लॉस एंजेलिसला एका विमानाच्या कारखान्यात तेलकट पत्रे उचलीत होता. कामाला कंटाळून तो १९५२ साली रॅम्स नावाच्या संघाच्या कचेरीत आपण होऊन गेला आणि काम मागू लागला. त्यांनी त्याला शिबिरात घेतले. त्याच वर्षी, बारा सामन्यांच्या हंगामात, त्याने प्रतिपक्षाचे चौदा चेंडू मध्येच झेलले. तेव्हापासून हंगामातले सामने वाढत गेले, तरी एका हंगामातला तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. दुसरा माल्कम बटलर. एका लहान महाविद्यालयाकडून खेळलेला, मध्यंतरी कोंबडी तळून विकणाऱ्या दुकानात काम केलेला. २०१४ च्या निवडीत त्याला कोणी घेतले नाही. न्यू इंग्लंडच्या संघाने चाचणीला बोलावले आणि ठेवून घेतले. १ फेब्रुवारी २०१५ रोजी अंतिम सामन्यात, शेवटची काही सेकंदे उरलेली आणि प्रतिपक्ष रेषेच्या तोंडाशी आलेला असताना, त्याने पुढे झेपावून चेंडू हिसकावला आणि त्याचा संघ २८-२४ असा जिंकला.

या गोष्टी आम्ही मुलांच्या अंगावर रोमांच यावेत म्हणून सांगितलेल्या नाहीत. त्यांत एक गोष्ट समान आहे, ती पाहण्यासारखी आहे. दोघांनाही कागदावर कोणी पसंत केले नव्हते. पण दोघांनाही कोणा जाणत्याने पुष्कळ दिवस पाहिले. आपल्या कोपऱ्याच्या गड्याची खरी अडचण इथेच आहे. त्याला पाहायला वेळ लागतो.

असे का, ते सांगतो. सामना चाळीस मिनिटांचा, एक चढाई तीस सेकंदांची. म्हणजे सुमारे ऐंशी चढाया, त्यांतल्या निम्म्या आपल्या अंगणात. चढाई करणाऱ्या मुलाला एका सामन्यात पंधरा-वीस वेळा सगळ्या सभेसमोर एकट्याने जावे लागते. तो कसा आहे हे एका संध्याकाळी कळते. कोपऱ्याच्या गड्याला खरी पकड करण्याच्या संधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. उरलेला सारा वेळ तो काय करतो? तो चढाईवाल्याला आपल्या बाजूला येऊ देत नाही. त्याच्या धाकाने चढाईवाला दुसऱ्या बाजूला वळतो आणि तिथे पकडला जातो, तेव्हा गुण दुसऱ्याच्या नावावर लागतो. आम्ही बरीच वर्षे रेषेजवळ खुर्ची टाकून सामने पाहिले आहेत. चांगल्या कोपऱ्याची खूण म्हणजे त्याच्याकडे चढाईवाला कमी जातो. ही गोष्ट गुणफलकावर दिसत नाही, आणि एक दिवसाच्या चाचणीत तर मुळीच दिसत नाही. शिवाय पकड ही एकट्याची नव्हेच. कोपऱ्याने घोटा धरला आणि शेजारचा मध्यरक्षक वेळेवर आला नाही, तर बाद कोपरा होतो. चाचणीत अनोळखी सात जणांना एकत्र उभे करतात. ज्याच्याशी कधी खेळलो नाही अशा शेजाऱ्याच्या भरवशावर झेप कोण घेणार? शहाणा कोपरा तिथे जपून खेळतो, आणि जपून खेळला म्हणून नापास होतो.

म्हणूनच आपल्या भागातून गेलेली, आपल्याला ठाऊक असलेली नावे पाहिली तर ती बहुतेक चढाईची आहेत. नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार २०२४ साली विजेत्या पुणेरी पलटणचा कर्णधार होता. नाशिकचा आकाश शिंदे त्याच संघातून खेळला. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत इराणला ३३-२९ असे हरवून सुवर्णपदक घेणाऱ्या भारतीय संघात दोघेही होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१८ साली ३६ लाख ४० हजार मिळाले आणि एकाच वर्षाच्या खेळावर पुढच्या लिलावात १ कोटी ४५ लाख. हरयाणाचा नवीन कुमार २०१८ साली लिलावातून आलाच नाही. दिल्लीच्या संघाने त्याला नवोदित म्हणून घेतले, आणि पुढे लागोपाठ दोन पर्वांत तो स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. हे सगळे चढाईचे गडी. दाखवायला हातात काही असले की दार लवकर उघडते.

तरीही दार आहे, आणि ते हेच आहे. लिलावाखेरीज प्रत्येक संघ काही नवोदित तरुणांना परस्पर घेतो. ती संख्या लहान, मिळकत लहान, आणि पहिले वर्ष बहुधा बाकावरच जाते. पण बाकावर बसलेल्या कोपऱ्याला वर्षभर दररोज देशातल्या उत्तम चढाईवाल्यांसमोर सरावाला उभे राहावे लागते, आणि त्याला पाहणारा डोळा तिथे दररोज असतो. वर आम्ही अमेरिकेतल्या शिबिराविषयी बोललो, ते हेच. दुसरे, हंगामात गुडघे जातात, खांदे निखळतात. मग बदली गडी घ्यावा लागतो, आणि तो न विकल्या गेलेल्यांतूनच येतो. आणि एकदा पाय आत पडला की कोपऱ्याचा गडी पुढे किती जाऊ शकतो, हेही पाहण्यासारखे आहे. २०१८ च्या पर्वात उत्तर प्रदेशच्या संघाच्या नितेश कुमारने, उजव्या कोपऱ्याने, पकडीचे शंभर गुण केले. एका पर्वात शंभरी गाठणारा तो पहिला. २०२२ च्या पर्वात जयपूरचा अंकुश हा डावा कोपरा सर्वोत्तम पकडपटू ठरला आणि त्याच वर्षी त्याचा संघ विजेता झाला. आणि आपल्याच घाटाखालच्या, रेल्वेने दोन तासांवरच्या कल्याणचा गिरीश इर्नाक डाव्या कोपऱ्यात खेळून २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघापर्यंत गेला.

त्या २०१८ च्या स्पर्धेची आठवण निघालीच आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या जिल्ह्याची आहे. १९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली तेव्हापासून भारताच्या पुरुषांनी सुवर्णपदक कधी सोडले नव्हते. जकार्त्याला ते उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ असे हरले. आणि मुलींच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरवले, तेव्हा इराणच्या मुलींना शिकवणाऱ्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. मैदानावर मुलींना घडवण्यात ज्यांनी उभे आयुष्य घातले, त्यांना आपल्या देशाच्या संघाने बोलावले नाही; इराणने बोलावले. आम्ही याचा राग मानीत नाही. विद्या जिथे मागणी होईल तिथे जाते. पण यातून एक प्रश्न उभा राहतो. इराणमध्ये आपल्यासारखी कबड्डीची जुनी परंपरा नाही. मग तिथले कोपरे आपल्या लिलावात सर्वांत महाग का ठरतात? कुस्तीच्या देशात पकडीला लागणारे अंग तयार असते, हे एक कारण. आणि दुसरे, आमच्या मते मोठे कारण म्हणजे तिथे निवडलेल्या मुलांना एकत्र ठेवून, पुष्कळ दिवस, एकमेकांविरुद्ध खेळवतात. आपल्याकडे मुले पुष्कळ आहेत, म्हणून कोणा एकाकडे निरखून पाहण्याची गरज वाटत नाही.

(मुलींचा प्रश्न आम्ही आज घेतलेला नाही, याची आम्हांला जाणीव आहे. २०१६ साली प्रो कबड्डीबरोबर मुलींच्या तीन संघांची एक लहानशी स्पर्धा झाली. ती पुढे चालू राहिली नाही. आपल्या तालुक्यातल्या मुलींना न विकले जाण्याचे दुःखसुद्धा उपलब्ध नाही.)

आता घरच्या हिशेबाकडे येतो. आईबापांच्या मनातला खरा प्रश्न संघात जागा मिळेल का हा नसतो. जागा मिळाली नाही तर या मुलाच्या हातात काय राहील, हा असतो. तो योग्यच आहे. अठरा ते तेवीस ही पाच वर्षे एकदाच येतात. ज्यांची वये २०१९ साली वीस होती त्यांचे काय झाले ते आठवा. त्या वर्षी पर्व झाले, मग महामारी आली, २०२० साली स्पर्धाच झाली नाही, पुढचा लिलाव २०२१ च्या ऑगस्टमध्ये झाला आणि सामने सुरू व्हायला डिसेंबर उजाडला. कोणाचाही दोष नसताना दोन वर्षे गेली. कोपऱ्याच्या गड्याच्या गुडघ्यातली शीर तुटली तर वर्ष जाते आणि खर्च घरावर येतो. तेव्हा ज्या मुलाने शाळा किंवा आयटीआय सोडून केवळ लिलावाकडे डोळे लावले आहेत, त्याला आम्ही स्पष्टपणे सांगू, की हे करू नकोस. लिलावाला लागणारा सराव पहाटे दोन तास आणि संध्याकाळी दोन तास एवढाच आहे; त्याच्या मधला दिवस रिकामा ठेवून खेळ सुधारत नाही.

परंतु खेळ सोडून दे, असेही आम्ही म्हणणार नाही, आणि त्याचे कारण व्यवहाराचे आहे. कबड्डीत पोट भरण्याचा जुना रस्ता प्रो कबड्डीच्या कितीतरी आधीपासून आहे. रेल्वे, पोलीस, सेनादले, बँका, तेल कंपन्या यांचे संघ आहेत. आमचा आताच सांगितलेला कल्याणचा कोपरा भारत पेट्रोलियमच्या नोकरीतला. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. मात्र त्यासाठी ठरावीक पातळीवरच्या स्पर्धांतली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. गावच्या स्पर्धेतला चषक तिथे चालत नाही. म्हणून जिल्ह्याच्या निवडचाचणीला जाणे, राज्य अजिंक्यपदाला खेळणे, तिथली कागदपत्रे जपून ठेवणे, हे लिलावाहून महत्त्वाचे आहे. आणि गंमत अशी, की संघांचे डोळेही याच वाटेवर असतात. महाराष्ट्राने २०१८ च्या जानेवारीत हैदराबादला, रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली, सेनादलाला ३४-२९ असे हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्या संघातल्या गड्यांकडे सगळ्यांचे लक्ष गेले. राज्याच्या बारांत येणे आणि व्यावसायिक संघाच्या पंचविसांत येणे, या दोन वाटा निदान अर्ध्या तरी एकच आहेत. एक फसली तरी दुसरी हातात राहते.

राहता राहिली आपली, म्हणजे गावाची बाजू. कोपरा एकट्याने तयार होत नाही, हे वर आले आहे. तो चांगल्या शेजाऱ्याबरोबर तयार होतो. पण त्याहूनही तो चांगल्या चढाईवाल्यासमोर तयार होतो. गावात पायाने चपळ, मनगट सोडवून पळणारा चढाईवाला नसेल, तर गावचा कोपरा सगळ्यांना धरतो, सगळे त्याला वाघ म्हणतात, आणि जिल्ह्याच्या पहिल्या सामन्यात पाच मिनिटांत त्याचे वाघपण उतरते. आपल्याकडे मंडळामंडळांत अशी तेढ असते, की एका आळीचा गडी दुसऱ्या आळीच्या गड्याबरोबर सराव करीत नाही. सामना असला तरच भेटायचे, आणि भेटले की भांडायचे. आमची सूचना साधी आहे. घोटी, इगतपुरी, वाडीवऱ्हे आणि घाटाच्या कडेची गावे मिळून जी काही पाचदहा चढाईची मुले आहेत, त्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी एकाच मैदानावर यावे आणि प्रत्येक कोपऱ्यावर वीस-वीस चढाया कराव्यात. गुण मोजू नयेत. कोपऱ्याने पाय कोठे ठेवला, झेप केव्हा घेतली, एवढेच कोणी जुन्या खेळाडूने पाहावे आणि वहीत लिहावे. सहा महिन्यांची ती वही, आणि हल्ली मोबाइलवर सहज घेता येतात ती चित्रे, ही त्या मुलाची चाचणीत दाखवण्यासारखी शिदोरी होईल. एका दिवसात न दिसणारी गोष्ट दाखवण्याचा दुसरा मार्ग आम्हांला तरी सुचत नाही.

अंगाविषयी एक शब्द. राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांची वजनमर्यादा पंच्याऐंशी किलो आहे, आणि वरच्या पातळीवर बरेच गडी तिच्या जवळपास असतात. आपला मुलगा साठ-बासष्ट किलोंचा. त्याचा घोटा कितीही पक्का असो, ऐंशी किलोंचे अंग त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेते. आपल्या भागात भाताला तोटा नाही. पण भाताबरोबर डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे यांचा हिशेब ठेवणे ही चैन नाही. ते त्याच्या कामाचे भांडवल आहे. घरात एवढे जमत नसेल तर मंडळाने वर्गणी गणपतीपुरती न ठेवता थोडी इकडे वळवावी.

आणि पाऊस. आपला तालुका पावसाचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदान म्हणजे चिखल. चिखलात खेळण्याची मजा आम्हांलाही ठाऊक आहे, परंतु व्यावसायिक कबड्डी मॅटवर, बूट घालून होते. मॅटवर पाय वेगळा सरकतो, झेप लांब जाते, वळणाचा वेग वाढतो. मातीवरचा कोपरा मॅटवर पहिल्यांदा उतरला की त्याचे सारे अंदाज अर्ध्या पावलाने चुकतात, आणि कोपऱ्याचा खेळ तर अर्ध्या पावलाचाच असतो. नव्या पर्वाची तयारी आणि चाचण्या बहुधा याच सुमारास येतात. म्हणजे इतरांचा सराव ऐन भरात असताना आपली मुले ओट्यावर बसून पावसाची धार मोजतात.

म्हणून आमची इथल्या भातगिरणीच्या आणि वखारींच्या मालकांना विनंती आहे. नवा भात यायला दिवाळी लागते. आषाढ-श्रावणात कोणाच्या गोदामाचा एखादा भाग मोकळा राहत असेल, तर तो संध्याकाळी दोन तास मुलांना द्यावा. तेरा मीटर लांब, दहा मीटर रुंद, भोवती हातभर मोकळी जागा, आणि वर गळणार नाही असे छप्पर, एवढेच हवे. मॅट जुनी चालेल. ती कोठून आणायची हे पाहण्याचे काम आम्ही अंगावर घेतो. कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांचा जन्मदिवस म्हणून १५ जुलै हा दिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळतात. तोवर जागा झाली तर यंदाचाच पावसाळा कामी येईल. सभा संपल्यावर आम्ही इथेच थांबलेलो आहोत. ज्यांच्याकडे जागा असेल त्यांनी मोजमाप सांगून जावे.